जवळच्या व्यक्तीचा नंबर

२० मार्च, शुक्रवार

वहिनी,

वरती काय लिहायचं यातच तीन कागद वाया गेले. 'प्रिय' लिहिलं तर तू म्हणशील, सहा वर्षांनी कुठून प्रेमाचं भरतं आलं हिला. नुसतं 'नमस्कार' लिहिलं तर बँकेचं पत्र वाटेल. म्हणून फक्त वहिनी. दादा गेला तरी तेवढं नातं अजून खरं आहे, तुला आवडो न आवडो.

फाडायचं असेल तर फाड, पण आधी हा परिच्छेद वाच. मला डाव्या स्तनात गाठ आहे. तपासलं, तुकडा काढून पाहिला, कॅन्सर निघाला. बावीस मिलिमीटर. चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं बसलेल्या बाईला मिलिमीटर म्हणजे किती हे कुणी समजावून सांगायला लागत नाही. एक मिलिमीटर चुकला तर गिऱ्हाईक डोकेदुखी घेऊन परत येतं. हे तर बावीस.

ऑपरेशन पुढच्या बुधवारी ठरलं होतं. मी बॅग भरून ठेवली होती. दुकानाच्या दाराला 'दोन आठवडे बंद' अशी पाटी लिहिली, तीही स्वच्छ अक्षरात. आणि आज सकाळी फोन आला. साथीमुळे सगळी ऑपरेशन थिएटरं थांबवली आहेत, भूल देणारी यंत्रं दुसऱ्या वॉर्डात हलवली आहेत, तुम्हाला डॉक्टर स्वतः फोन करतील, तोवर थांबा.

थांबा! कॅन्सरला सांगायचं का थांब म्हणून?

पाटीचं काम मात्र वाया गेलं नाही. आता सगळंच बंद झालंय, दोन आठवडे की दोन महिने कुणास ठाऊक.

हे तुला का कळवतेय? उद्या काही झालं तर दुकानाच्या मागच्या दाराची किल्ली गॅसच्या मीटरमागे असते. एवढं कुणालातरी ठाऊक असावं. बस्स. दुसरं कारण नाही.

— तुझी नणंद


२ एप्रिल, गुरुवार

वहिनी,

टपाल अजून चालू आहे असं पोस्टमन म्हणाला. तुझं उत्तर आलं नाही, येईल अशी अपेक्षाही नव्हती. तरी लिहितेय. घरात एकटी आहे, आणि भिंतीशी बोलण्यापेक्षा तू बरी. भिंत निदान तोंड फिरवत नाही, असं तू म्हणशील.

डॉक्टरांचा फोन आला. बाई आहे, चाळिशीची असेल. बोलणं भरभर, पण मधेच थांबून विचारते, "कळलं का? की मी फार पळतेय?" मी ताठच होते. ती म्हणाली, "तुम्ही रागावला आहात."

"नाही."

"रागवा ना. तुमच्या जागी मी असते तर फोन आपटला असता."

मग तिने सांगितलं ते तुला जसंच्या तसं सांगते. रोज सकाळी आठला ती आणि आणखी पाच डॉक्टर आपापल्या घरून कॉम्प्युटरवर भेटतात. समोर सगळ्या पेशंटांची यादी. एकेक नाव घ्यायचं आणि तीनपैकी एका रकान्यात टाकायचं. काहींना एक दिवसही थांबवता येत नाही. काहींना थांबवता येतं. आणि काहींचं असं, की त्यांनी हॉस्पिटलात पाऊल टाकणं हेच त्यांच्या आजारापेक्षा धोक्याचं. "तुम्ही मधल्या रकान्यात आहात," ती म्हणाली. "का ते ऐका. तुमची गाठ तुमच्याच शरीरातल्या एका हार्मोनवर पोसते. रोज एक गोळी घेतली की तिचा खुराक तुटतो. ती उपाशी राहते. आपल्याला काही महिने मिळतात. असं ऑपरेशनच्या आधी गोळी देणं नवीन नाही, फक्त एरवी इतक्या जणांना देत नाही."

"आणि नाही राहिली उपाशी, तर?"

"म्हणून मोजत राहायचं. दर सहा आठवड्यांनी सोनोग्राफी. मधल्या काळात दर गुरुवारी फोन, मी तरी किंवा आमच्या सिस्टर तरी. वाढली असं दिसलं, तर त्याच दिवशी मी तुमचं नाव पहिल्या रकान्यात नेईन. हा शब्द देते."

मी विचारलं, "तुम्हाला स्वतःला हे पटलंय का?"

ती म्हणाली, "आवडलेलं नाही. पण पटलंय."

वहिनी, गोड बोलून फसवणारे मी खूप पाहिलेत, अर्धा धंदाच त्यावर चालतो. ही तसली नव्हती. फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

गोळी सुरू झालीय. इवलीशी, पिवळी. अंगातून वाफा निघतात आणि सकाळी बोटं अशी आखडतात की चष्म्याचा स्क्रू धरता येत नाही. पण घेतेय.

एक लिहायचं राहून जातंय. दादाचं दुखणं आपण दोघींनी वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं. त्याचं सामान आवरताना तुला तो पहिला रिपोर्ट सापडला, पाकिटावर माझं अक्षर, आत तुला कळायच्या दोन महिने आधीची तारीख. तू म्हणालीस, "दोन महिने तुम्ही बहीणभाऊ माझ्याच घरात बसून माझ्याशी खोटं बोललात." मी तेव्हा सांगितलं तेच आज सांगते: तुझी मुख्याध्यापकपदाची परीक्षा होती, दादानेच मला गप्प बसायला सांगितलं. मी फक्त त्याचं ऐकलं.

असो. हात दुखायला लागला.

— नणंद


४ जून, गुरुवार

वहिनी,

एकोणीस! बावीसची एकोणीस झाली!

चौदा मेला हॉस्पिटलात जाऊन आले, लिहायला उशीर झाला. मुख्य दार आमच्यासाठी नाही आता. मागच्या बाजूला, जिथे पूर्वी कपडे धुवायची जागा होती, तिथे कॅन्सरवाल्यांसाठी वेगळं दार केलंय. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या, पट्टीगणिक एक खुर्ची. दर वीस मिनिटांनी एकच पेशंट आत. ताप मोजणारा माणूस कपाळावर यंत्र रोखतो तेव्हा उगाचच गुन्हेगार झाल्यासारखं वाटतं. पूर्वी इथे पाच-पाच तास बसावं लागायचं म्हणे, आता तेवीस मिनिटांत मी बाहेर. माझ्या पुढच्या पट्टीवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना पूर्वी दर आठवड्याला शिरेतून औषध चढवायला यावं लागे, आता त्याऐवजी गोळ्या देतात, त्या घरपोच येतात, आणि रक्त घ्यायला गल्लीच्या तोंडाशी गाडी येते. ते म्हणाले, "चाळीस वर्षं ऑफिसला गेलो, आता हॉस्पिटलच ऑफिससारखं घरी आलंय."

डॉक्टरीणबाईंना प्रत्यक्ष पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, पांढऱ्या झग्यात गुंडाळलेले दोन डोळे पाहिले. आणि काय सांगू, माझं सगळं लक्ष त्यांच्या चष्म्यावर. संरक्षक गॉगलच्या आत त्यांचा चष्मा घामाने घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला, काचांवर धुकं. हात लावायची सोय नाही. बाई मान वर करून, हनुवटी पुढे काढून माझा रिपोर्ट वाचत होत्या, बदकासारख्या.

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही मला तपासलंत, आता मी तुम्हाला तपासू का?"

तो झगा उतरवल्यावर त्यांनी चष्मा खिडकीतून माझ्याकडे दिला. काड्या फाकलेल्या, नाकावरचे पॅड झिजून गुळगुळीत. मी घरी आणला, साबणाच्या पाण्याने धुतला, काड्या गरम करून कानामागे नीट वळवल्या, टोकांना रबराच्या टोप्या बसवल्या, पॅड बदलले. काचेला साबणाच्या पाण्याचा हात देऊन तसाच वाळू द्यायचा, मग वाफ धरत नाही, हेही चिठ्ठीवर लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलची गाडी रक्त घ्यायला आली तिच्यातून परत पाठवला.

गुरुवारी फोन आला तेव्हा बाई गाठीबद्दल बोलायच्या आधी म्हणाल्या, "आज मी सहा तासांत एकदाही बदक झाले नाही."

आणि शनिवारी ती गाडी आली, तर तिच्यात एक डबा. त्यात अकरा चष्मे! नर्सेसचे, भूल देणाऱ्या डॉक्टरांचे, ताप मोजणाऱ्याचा पण. प्रत्येकावर नाव चिकटवलेलं. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन म्हणतात, मला तर बावीस मिळाले. मागच्या दोन महिन्यांत मी पहिल्यांदा दुकानाचा दिवा लावला, शटर अर्धं खाली ठेवून. आखडलेल्या बोटांनी एकेक स्क्रू बसवायला वेळ लागला, पण बसवला. आता दर शनिवारी डबा येतो.

तुला खरं सांगू? आजारी पडल्यापासून सगळे माझ्यासाठी काहीतरी करत होते आणि मी नुसती हात पसरून बसले होते. त्या डब्याने मला माणसांत आणलं.

दादाला हे सगळं सांगायला हवं होतं असं फार वाटलं. मग वाटलं, तुला सांगितलं तर त्यातलं थोडं पोचेल.

— नणंद


२५ जून, गुरुवार

वहिनी,

तू काय बाई आहेस!

आधी वाईट सांगते. आज पुन्हा सोनोग्राफी झाली. तेवीस. मोजणाऱ्या मुलीने तीनदा मोजलं. मी पडद्याकडे बघत होते, मला त्यातलं काही कळत नाही, पण तिचा हात एकाच जागी परत परत जात होता ते कळलं. उपाशी ठेवलेल्या सापाने दार शोधलं होतं.

डॉक्टर बाहेर आल्या. सहा फुटांवर खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "गोळीने तीन महिने दिले. आता ती थकली. मी आत्ताच तुमचं नाव वर सरकवलंय. ८ जुलै."

"पण थिएटर बंद आहेत ना?"

"आमची आहेत. डोळ्यांच्या दवाखान्याची नाहीत. मोतीबिंदूची ऑपरेशनं थांबलीत, तिथे साथीचा एकही पेशंट नाही. त्यांनी दोन टेबलं आम्हाला दिलीत. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी. रात्रभर हॉस्पिटलात ठेवून तुम्हाला धोक्यात घालायचं नाही."

डोळ्यांचा दवाखाना म्हणजे तोच, जिथे मी तीस वर्षं गिऱ्हाइकं पाठवतेय. स्वतःची पाळी अशी येईल असं वाटलं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "फक्त एक अट आहे. पहिले काही दिवस घरी कुणीतरी हवं. काखेत नळी असेल, बाटलीत पाणी साठेल, ते मोजायचं, जखम मला व्हिडिओवर दाखवायची. एकटीला जमणार नाही."

तुला माहीत आहे माझ्याकडे कोण आहे ते. मी म्हणाले, "बघते कुणी मिळतं का."

तेव्हा शेजारी उभ्या सिस्टर म्हणाल्या, "बघायचं काय? तुमच्या वहिनी तयार आहेत की. प्रवासाच्या परवानगीसाठी आम्ही पत्रही टाईप करून ठेवलंय."

मी त्यांना दोनदा विचारलं, कुठल्या वहिनी?

आता कबूल करते. मार्चमध्ये फॉर्म भरताना एक रकाना होता, 'जवळच्या व्यक्तीचा फोन नंबर'. मी बराच वेळ पेन धरून बसले. मग तुझा लिहिला. तो एकच नंबर मला पाठ आहे. तुला विचारलं नाही, तुला सांगितलंही नाही. ताकाला जाऊन भांडं लपवलं. मला वाटलं, कोण कशाला फोन करतंय, मेल्यावरच करतील.

मला काय ठाऊक, की नातेवाइकांना आत येऊ देत नाहीत म्हणून त्यांनी नवीन पद्धत काढलीय. दर गुरुवारी पेशंटला फोन झाला की त्या रकान्यातल्या माणसालाही फोन करतात. म्हणजे एप्रिलपासून तुला सगळं ठाऊक होतं. एकोणीस पण. माझ्या पत्राच्या आधी!

सिस्टर सांगत होत्या, "त्या प्रश्न वहीत लिहून बसतात. क्रमांक घालून. उत्तर अर्धवट दिलं की म्हणतात, 'हे पूर्ण उत्तर नाही.' आमच्या सगळ्या नातेवाइकांत कडक त्याच." गणिताच्या बाई निवृत्त झाल्या तरी वर्ग सुटत नाही त्यांचा. म्हणे पहिल्या फोनलाच तू विचारलंस, "पेशंटला एक सांगताय आणि मला दुसरं, असं तर नाही ना? दोन्ही एकच असलं पाहिजे."

ते ऐकलं आणि मी त्या पिवळ्या पट्टीवर उभी राहून रडले. सिस्टरला वाटलं तेवीस ऐकून रडतेय. त्या जवळ येऊ शकत नव्हत्या. दुरूनच हात हलवत राहिल्या, गाडी मागे घेताना हलवतात तसा.

थांबणं आणि लपवणं यातला फरक मला या डॉक्टरीणबाईंनी शिकवला. त्यांनी मला थांबवलं, पण एक आकडाही माझ्यापासून लपवला नाही. तुझ्याशी मी जे केलं ते थांबवणं नव्हतं.

येणार असशील तर ये. पत्र पोचायच्या आधी तूच पोचशील असं दिसतंय. वरच्या खोलीतली खिडकी घट्ट बसते, खालून ठोसा मारायचा.

— तुझी नणंद


१२ जुलै, रविवार, दुपार

वहिनी,

तू पलीकडच्या खोलीत जेवून आडवी झाली आहेस. घोरते आहेस, हे तुला कुणी सांगितलं नसेल तर आज लेखी घे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय. पाच दिवस आपण एका छपराखाली आहोत, आणि तू मला औषध, जेवण, बाटली आणि व्यायाम यांखेरीज एक शब्द बोललेली नाहीस. "वन्सं, हात वर करा." "वन्सं, चाळीस झालं, काल पंचावन्न होतं." आकडे सांगताना तुझा आवाज मऊ होतो, तेवढ्यावर मी दिवस काढतेय.

परवा तू फोन धरून डॉक्टरांना जखम दाखवत होतीस. त्या म्हणाल्या, "जरा जवळ, आणखी जवळ," आणि तू इतकी जवळ नेलीस की त्या ओरडल्या, "आता मला फक्त टाके दिसतायत, पेशंट कुठाय?" तेव्हा तू हसलीस. मी पाहिलं.

दवाखान्यात आत काय झालं ते तुला ठाऊक नाही, कारण तुला दारातच अडवलं आणि तू आठ तास रस्त्यापलीकडे भाड्याच्या गाडीत बसलीस. म्हणून सांगते. टेबलावर आडवं केलं तेव्हा समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणारी. कुणीतरी काढायचा विसरलं होतं. मी सवयीने वाचायला लागले. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांवर मी दुरुस्त केलेला चष्मा, गॉगलच्या आत अगदी जागच्या जागी. मी म्हटलं, "शेवटची ओळ दिसते का तुम्हाला?" ते म्हणाले, "स्वच्छ. आता तुम्ही उलटे आकडे मोजा."

आमच्या डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला. दोन हातमोजे एकावर एक, तरी ऊब कळली. त्या म्हणाल्या, "एरवी या वेळी दाराशी नातेवाईक असतात. आज ते कामही माझ्याकडे आहे." मग मला वाटतं मी सांगितलं, माझी वहिनी बाहेर गाडीत आहे, तिला आधी सांगा. शुद्धीत आले तेव्हा कळलं की शेवटचा टाका घातल्याबरोबर त्यांनी हातमोजे काढून पहिला फोन तुलाच लावला होता.

त्या दमल्यात, वहिनी. तीन महिने मुलीला भेटलेल्या नाहीत, हॉस्टेलच्या खोलीत राहतात. परवा फोनवर मी म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू, तर म्हणाल्या, "सगळ्यांचं असं झालं नाही. मधल्या रकान्यातले दोघं होते, त्यांच्या बाबतीत आम्ही चुकलो. मी त्यांची नावं विसरत नाही." मी म्हटलं, "त्यांनाही तुम्ही आकडा खरा सांगितला होता ना?" त्या म्हणाल्या, "हो."

आता मुख्य. हे तोंडावर बोलायचा दोनदा प्रयत्न केला. एकदा तू बाटली मोजत होतीस, एकदा मलाच धीर झाला नाही.

दादाने मला गप्प बसायला सांगितलं नव्हतं.

रिपोर्ट मी आणला होता, कारण ती प्रयोगशाळा माझ्या दुकानासमोर होती. दादा वाचून म्हणाला, "चल, घरी जाऊन हिला सांगू." थांब म्हणाले ते मी. तिची परीक्षा होऊ दे म्हणाले. तो दोनदा म्हणाला, "तिला नाही चालायचं हे." मी म्हटलं, "माझ्यावर सोड." परीक्षा खरी होती, पण ते कारण नव्हतं. तू त्याच्या आयुष्यात आल्यापासून त्याची सगळी दुखणीखुपणी तुझ्याकडे जायची. लहानपणी ती माझ्याकडे यायची. दोन महिने तो पुन्हा फक्त माझा भाऊ झाला होता. तपासण्यांना मी न्यायची, बाहेर बाकावर मी बसायची. तुझ्यापासून मी आजार नाही लपवला, मी दादा लपवला. आणि तो गेल्यावर दोषही त्याच्याच माथी मारला, कारण तो उठून काही बोलणार नव्हता.

हे पत्र मी तुझ्या वहीत ठेवतेय, आजच्या आकड्याच्या पानावर. आज पस्तीस.

— नणंद


६ सप्टेंबर, रविवार

वहिनी,

तुझं पत्र आलं. सहा वर्षांत पहिलं, आणि तेही चार ओळींचं. पोस्टमनच्या हातात तुझं अक्षर दिसलं तेव्हा मी शटर अर्धवट उघडं टाकून तिथेच पायरीवर बसून वाचलं.

आधी तुझ्या वहीसाठी. काल डॉक्टरांनी सगळ्या रिपोर्टांचा शेवटचा गोषवारा वाचून दाखवला. कापलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, काखेतल्या गाठींत काही नाही. गोळी दुसरी दिलीय, ती पाच वर्षं. रेडिएशनच्या पाच खेपांनी कातडी लाल झाली होती ती उतरली. सिस्टर म्हणाल्या, पूर्वी याच कामाला पाच आठवडे लागायचे, रोज यायचं. ते कमी करता येईल का याचा अभ्यास आधीच कुणीतरी करून ठेवला होता, साथीने फक्त घाई केली. कोण कुठले लोक, त्यांनी कधीतरी बसून हा हिशेब मांडला आणि मी पाच दिवसांत सुटले. त्यांना कुठे शोधू आणि कसं सांगू? तू गणितवाली आहेस, तूच त्यांच्यातली धर. तुलाच सांगते: माझ्यावर फार उपकार झाले.

तुझ्याबद्दलही बोलायचंय. त्या रविवारी तू पत्र वाचलंस आणि चपला घालून निघून गेलीस. मला वाटलं, संपलं. मी खिडकीशी उभी. दोन तासांनी तू आलीस, हात धुतलेस, माझी बाटली रिकामी केलीस. मग म्हणालीस, "वन्सं, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. होईल की नाही माहीत नाही. पण रेडिएशन होईपर्यंत मी इथे आहे. आता जेवून घ्या." आणि नंतरचा महिनाभर तू त्या पत्राचा विषय काढला नाहीस. रोज व्यायाम करून घेतलास, रोज चिडलीस, एकदा माझे केस विंचरलेस. स्टँडवर जाताना पाठमोरी होऊन म्हणालीस, "खिडकीला ठोसा नाही, मेण लागतं." मेण लावलंय. आता बोटाने उघडते.

असं कुणी कुणासाठी करत नाही, वहिनी. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यासाठी माणूस करतो. ज्याच्यावर राग आहे त्याच्यासाठी कोण करतं?

आता तुझ्या चार ओळी. "त्या दोन महिन्यांत ते काय काय बोलले ते सगळं मला लिहा. तारखांसकट. तुमच्याबद्दल नको, त्यांच्याबद्दल. काही गाळू नका."

कागदांचा नवा गठ्ठा आणलाय. जेवढं आठवतं तेवढं सगळं देते, ते तुझंच आहे. तर ऐक.

पहिला दिवस मंगळवार होता. आम्ही मोठ्या डॉक्टरांकडे बाकावर बसलो होतो. त्याने तुझा जुना राखाडी स्वेटर घातला होता, बाह्या त्याला तोकड्या. मी म्हटलं, हे काय घालून आलास? म्हणाला, "हिचा आहे. आज ती बरोबर नाही ना, म्हणून." डॉक्टर आत बोलले दोन मिनिटं, आम्ही बाहेर आलो, मला एक शब्द कळला नव्हता आणि त्यालाही नाही. तो जिन्यात थांबला. हसायलाच लागला. म्हणाला, "आपण दोघं अगदी ढ. ही असती ना, तर त्या माणसाला खुर्चीवरून उठू दिलं नसतं, पूर्ण उत्तर मिळेपर्यंत."